सुरकुत्या कुणी पुसल्या?

हॅलो?… हो, मीच. मर्ली, तुझ्याच फोनची वाट बघत होतो. कुठे आहेस?… आईकडे? बरं झालं. आधी सांग, चर्चच्या हॉलवर तो वाढदिवसाचा फलक कुणी लावला?… हो, बघितला! जीपनीतून दिसला, उतरलो, जवळ जाऊन बघितला. कुणाचा फोटो आहे तो?… आपल्या आईचा? नव्वदीची बाई, आणि गाल सोललेल्या अंड्यासारखे?

हो, हो… अगं ऐक ना! नाही, तू ऐक. मी सीडी दिली ती छापायला दिली होती, आईला पुसून टाकायला नाही… 'थोडंसंच'? सुरकुत्या गेल्या, मानेच्या शिरा गेल्या, मागची खिडकी गेली आणि गुलाबाची बाग आली! आपल्या इलोइलोत कुणाच्या स्वयंपाकघरामागे गुलाब फुलतात गं?

…डिजिटल कॅमेऱ्याला नावं ठेवू नकोस. हौस म्हणून नाही घेतला मी तो. रोल धुणारं शेवटचं दुकान बंद झालं, मग काय करणार होतो? अर्धं आयुष्य फिल्मवर काढलं आणि या वयात पुन्हा पहिलीत जाऊन बसलो. जुन्या लेन्स बसतात, पण सगळं जवळ ओढल्यासारखं दिसतं, भिंतीला पाठ लावून उभं राहावं लागतं. उजेड जरा जास्त झाला की पांढरं ते पांढरंच. ढिगाने फोटो वाया गेले तेव्हा हा एक मिळाला. आई खिडकीपाशी सुकी मासळी निवडतेय, उजेड एका गालावर… रेघन्‌रेघ दिसत होती, मर्ली. पहिल्यांदा वाटलं, जमलं बुवा आपल्याला.

आणि तुम्ही त्याचं हे केलंत! निगेटिव्ह असती तर कुणाची हिंमत होती हात लावायची?… ओरडत नाहीये मी!… बरं, ओरडतोय. ओरडणारच! पाहुणे यायच्या आत तो फलक उतरव. मी मूळ फोटो घेऊन दुकानात… काय?… कुणी सांगितलं?… काहीतरीच! आई कशाला असं सांगेल?… दे. दे तिला फोन.

आई?… हो, जेवलो… पान्सित राहू दे गं, नंतर खातो. आई, तू सांगितलंस मर्लीला? सुरकुत्या पुसायला?… का पण?… अगं, तू नव्वद… बरं. नाही बोलत मध्ये. बोल.

…सुकटासारखी? माझ्या फोटोंत?… सगळ्याच? बाबांबरोबरचा, लग्नाच्या पन्नाशीचा, तोसुद्धा?… मग कधी बोलली का नाहीस?… हं… मी छापून आणायचो तेव्हा इतका खूश असायचो म्हणून?… इतकी वर्षं, आई?

…नाही, आवाजाला काही झालं नाही. इथे पंखा चालू आहे.

ऐक. फलक राहू दे… राहू दे म्हणतोय ना! फक्त ते गुलाब तरी… तेही तूच सांगितलेस?… बरं बाई. गुलाबही राहू देत.

मी कॅमेरा घेऊन येतो. कुठे बसायचं ते तू ठरव… नको, खिडकीपाशी नको. फोटो काढला की लगेच कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर दिसतो. नाही आवडला तर पुसायचा, पुन्हा काढायचा… तूच पुसायचा. बटण दाखवतो… कितीही वेळा… हो, लिपस्टिक लाव ना. लावून बस. निघालोच.