यादीतली माणसं

पवनानगरची एस.टी. धुक्यात थांबली होती. पुढच्या बाकावर एक म्हातारा आणि एक तरुण मुलगी झाडांवर फुलणाऱ्या जंगली आमरीवरून भांडत होते, आणि सारिका कान लावून ऐकत होती. असं ऐकू नये म्हणणारे लोक एस.टी.नं जात नाहीत.

"गंगाधरकाका, बावीस वर्षांच्या नोंदी तुमच्या ईमेलात कुजतायत. फोरमवर टाकू द्या मला. कुणालाही सापडतील."

"कुणालाही म्हणजे झाडावरून ओरबाडणाऱ्यालाही."

"जागांची नावं गाळते. मग तर झालं?"

"श्रद्धा, फोरमवर लिहिलेलं जातं कुणाला?"

"कुणालाच नाही. ज्याला हवं तो येऊन वाचतो."

"मी माणसांना पाठवतो. एकेचाळीस जणांना."

"उत्तरं किती येतात?"

"सहा."

"आणि बाकीचे?"

"काही कंटाळले. नऊ जण वारले."

"वारलेल्यांनाही पाठवता?"

"चंद्रिकाताईंना पाठवलेला मेल अजून परत आलेला नाही. वलवणला पहिलं फूल दिसलं की आधी त्यांना कळवायचं, असं ठरलंय आमचं."

धुकं खिडकीतून आत आलं आणि दोघांच्या मधे बसल्यासारखं झालं. कंडक्टरनं सारिकाला दोनदा तिकीट विचारलं, पण तिला ते ऐकूच गेलं नाही.

"काका, फोरम मी सांभाळते. तुम्ही मेल पाठवत राहा."

"मी गेल्यावर?"

"मी पाठवीन. सगळ्यांना."

"मग पासवर्ड लिहून घे. आणि फुलाचं शास्त्रीय नाव तपासून टाकत जा. चंद्रिकाताई लगेच चुका काढतात."