न पाहिलेल्या माशांचे रंग

आदरणीय अध्यक्ष भीमराव, व्यासपीठावरचे पाहुणे आणि ओमानमधल्या सलालाहच्या आपल्या मराठी मंडळाचे सर्व सभासद, नमस्कार.

मला भाषणं आवडत नाहीत. हे लिहून आणावं लागलं, कारण क्लोटिल्डा लोपीस यांनी स्वतःच्या निरोपसमारंभाला यायची एकच अट घातली. "माझ्याबद्दल एक शब्द नको. ॲग्नेसबाईंबद्दल बोला." आपल्या वाचनालयातला माशांच्या चित्रांचा तो जुना ग्रंथ उघडून पाहिलेल्या आम्ही दोघीच. त्यातली एक उद्या वसईला निघाली. तिथे तिचं घर आहे, माणूस कोणी नाही.

ॲग्नेस थॉर्नली या व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या इंग्लंडमधल्या चित्रकार. आपल्या या किनाऱ्यावरचे मासे त्यांनी एकतीस वर्षं रेखाटले, पण इथे कधी आल्या नाहीत. मासे जहाजाने जायचे, स्पिरिटच्या बरणीत, रंग उडालेले. बाई खवले मोजून काढत, काटे मोजून काढत. पण स्वतः पाहिला नाही तो रंग भरत नसत. प्रकाशक म्हणे, अंदाजाने भरा. बाईंनी एकसष्ट पानं रंगाविना दिली. ग्रंथावर नाव मजकूर लिहिणाऱ्या प्राध्यापकांचं. बाईंनी आपलं नाव मागितलं, तेव्हा प्रकाशकाचं उत्तर आलं की चित्र काढणाऱ्याचं नाव छापायची पद्धत नाही. मग त्यांनी पुन्हा विचारलं नाही. पुतणीने पुढच्या आवृत्तीला जोडलेल्या चरित्रात हे सगळं आहे. वारल्या तेव्हा घरात दुसरं कोणी नव्हतं, हेही आहे.

क्लोटिल्डा हॉटेलच्या स्वागतकक्षात कामाला. एकोणीस वर्षं ती कामावर जाण्याआधी त्या एकसष्ट पानांच्या नकला घेऊन, ताजा मासा बघून रंग भरायला, होड्या लागतात तिथे उभी राहिली. मासा मेला की थोड्याच वेळात त्याचा रंग उतरतो. होडीवरचा रमण ओरडायचा, "जल्दी मॅडम, रंग जा रहा है." लोक हसायचे. आपणही हसलोच, खोटं कशाला बोला? नाताळला तिला आपल्यातल्या कोणी घरी बोलावलं होतं का? मी तरी नाही.

पाच वर्षांपूर्वी तिने मला विचारलं, ही पानं वाचनालयाला दिली तर नोंदीत ॲग्नेसबाईंच्या नावाखाली माझं नाव बारीक अक्षरात लिहाल का? मी ग्रंथपाल. मी म्हटलं, "रंग भरणाऱ्याचं नाव नोंदवायची पद्धत नाही." ती म्हणाली, "बरं, बाई." प्रकाशकाचं ते उत्तर मीच तिला मराठीत समजावून दिलं होतं. तरी मला माझं बोलणं ऐकू आलं नाही. ते ऐकू यायला तिचं तिकीट निघावं लागलं.

क्लोटिल्डा, तुझी अट मोडली. ती मोडायलाच हवी होती.

अध्यक्षांचे आभार. सुट्टी घेऊन आलेल्या रमणचे आभार. माझं काही खटकलं असेल तर मनात ठेवू नका, तोंडावर सांगा. आता पोचपावती वाचते आणि बसते.

"वाचनालयाला आज मिळालेली पानं एकसष्ट. रेखाटन, ॲग्नेस थॉर्नली. रंग, क्लोटिल्डा लोपीस, सलालाह. साठ पूर्ण. सदतिसाव्या पानावर रंग नाही. मागे पेन्सिलने लिहिलं आहे: हा मासा मला दिसला नाही."