आजीबाईंची कॉफी आणि बारा मशीन्स

हसू नका, पण माझ्या एका नियमापायी इथल्या एका कॅसिनोत अकरा माणसं एका डच आजीबाईंसाठी खोळंबली होती. आमची सिस्टीम जुगाराची मशीन्स एकमेकांना जोडते. एकावर बोनस लागला, की ओळीतल्या बाराही जणांचा एकत्र खेळ सुरू होतो. मी प्रोग्रॅममध्ये नियम घातला होता, सगळ्यांनी बटण दाबल्याशिवाय सुरुवात नाही. अकरा जणांनी दाबलं. आजीबाई म्हणाल्या, “आधी कॉफी.” लोक भडकले आणि झुइडओस्ट भागातल्या आमच्या ऑफिसात फोन आला.

माझ्या डच मॅनेजरने विचारलं, “असला नियम आणलास कुठून?”

मी म्हटलं, “आमच्याकडे सगळ्यांची पानं वाढून झाल्याशिवाय कुणी पहिला घास घेत नाही.”

तो म्हणाला, “आमच्याकडे जेवायची वेळ झाली, की पाहुण्याला घरी पाठवतात. आजीबाईंना पंधरा सेकंद दे, मग त्यांच्याशिवाय खेळ सुरू.”