भोवरे नव्हेत ते!

मंडळी, टाळ जरा खाली ठेवा. मागे कुणाचा तरी मोबाइल वाजतोय — वाजू दे, आजचं आख्यान त्याचंच आहे! एक सांगा मला — ज्याचं तोंड आपणच बंद केलं, त्याच्याच हाकेची वाट बघत बसायचं, हे कुठलं शहाणपण? सांगा की! नाही सांगत? मग ऐका.

सावंतवाडीच्या चितारआळीत पुंडलिक चितारी म्हणून लाकडी खेळणी करणारे गृहस्थ. लेथवर लाकूड असं कातायचे की बघत राहावं! एकुलता एक मुलगा दिगू. बापाच्या हाताखाली शिकला आणि एक दिवस म्हणाला, "बाबा, मी जपानला जातो. तिथे लाकडाचं नाजूक काम शिकेन." झालं! पुंडलिकाचा पारा चढला. "आमच्या लाकडाक काय वाळवी लागली? जा! पण परत माझ्या कानार तुझो शब्द पडूक नये!"

रागात माणूस काय बोलून जातो, मंडळी! पोरगं गेलं जपानला, आणि निघालं आज्ञाधारक — तीच तर पंचाईत! बापाशी एक शब्द नाही. रविवारी फोन करायचा, आईशी बोलायचा, ठेवायचा.

आणि बाप? फोन वाजला की लेथ बंद! का हो? तर म्हणे, पटाशी हरवली. पटाशी हातात, आणि शोधतोय पटाशी! कान सगळा स्वयंपाकघराकडे. दिगूचा आवाज यायचा चिरका, पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसा. कळायचं काही नाही, तरी उभा राहायचा. मग बायकोला विचारायचा, "कोणाचो फोन?" जीव तुटत होता हो त्याचा! पण 'बोल' म्हणायला जीभ उचलत नव्हती.

एक दिवस पार्सल आलं. जपानहून! आत काय — बोराएवढे दोन लाकडी गोळे, एका बाजूला निमुळते, लांब काळी दोरी लावलेले. पुंडलिकाने हातात घेतले, वास घेतला, अंगठा फिरवला. "काम झकास हा," म्हणाला. आणि एकदम चेहरा उतरला. "भोवरे! जन्मभर भोवरे केलंय मी, आणि माका भोवरे पाठवल्यान? थट्टा करता बापाची?"

तरी राहवेना हो! दोरी गुंडाळली, सोडला जमिनीवर — फिरतोय कशाला! पडला धप्पकन आडवा. हसू नका, तुम्हीही तेच केलं असतं! म्हातारा खट्टू झाला, गोळे फळीवर ठेवून दिले.

रविवारी फोन आला. आतून त्याची बायको भामाकाकी ओरडली, "अवो! भोवरे न्हय ते! कानात घालूचे आसत! झिलान स्वतः कातल्यान, हातान!" आली धावत, दोरीचं टोक फोनला जोडलं, दोन्ही गोळे नवऱ्याच्या कानात बसवले. पलीकडून दिगूने आपल्या कामाचं ध्वनिमुद्रण लावलं, फोन चालूच.

आणि मंडळी — पत्र्याचा डबा कुठे गेला कुणास ठाऊक! लाकडातून आलेला आवाज तो. उबदार. दिगू जणू पाठीशी येऊन बसलाय. शब्द एकही नाही! लेथ फिरतोय... पटाशी लागतेय... भुसा उडतोय. मग फुंकर — फू! आणि पटाशीची लाकडावर टक्, टक्.

ती टकटक कुणाची? पुंडलिकाची! कातून झालं की तो जन्मभर तशीच वाजवायचा, आणि त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं. बापाने शब्द बंद केला होता ना? पोराने शब्द पाठवलाच नाही. बापाची सवय तेवढी पाठवली.

पुन्हा पटाशी लागली, जरा कर्कश. म्हातारा भान विसरून ओरडला, "झिला, सैल धर रे! दाबू नको!" मग लक्षात आलं, हे तर आधीच कातून झालेलं. डोळ्यांतून धारा! बायकोच्या हातातला फोन ओढून घेतला. "दिगू... मी बाबा. सगळा ऐकलंय रे. आता बोल. काय पण बोल."

पलीकडे पोराने नाक ओढलं. त्या लाकडातून तेही स्पष्ट ऐकू आलं. मग आवाज आला, "बाबा, जेवलात?"

मंडळी, देवाने आपल्याला कान दिलेत, आणि आपण त्यांचे भोवरे करून फळीवर ठेवलेत! आज घरी जाल तेव्हा, ज्याला 'बोलू नकोस' म्हणालात, त्याला आधी फोन लावा. विठ्ठलाचं नाव मग घ्या, तो थांबेल. तुमचा दिगू किती थांबेल, ते मला नाही सांगता येत.