डोंग्याची सावली

आरमोरीच्या स्टँडवर गाडीची वाट पाहत बसलेल्या फरहतच्या शेजारी सोमाजी आणि मोतीबिंदूची पट्टी बांधलेली केसरबाई येऊन बसले.

“पट्टी निघाली का तुले डोंग्यात बसवतो,” सोमाजी होडी वल्हवल्यासारखे हात हलवत म्हणाला.

“लग्नापासून नाई म्हनून राह्यली नं मी? अन् तलाव तं हिरवागार सडला. बैलबी तोंड लावत नाई.”

“तलाव नाई वं. नदीचा एक डोह पाहून आलो. पानी इतकं नितळ का डोंग्याची सावली खाली रेतीवर चालते. आपन हवेतच!”

“अगं माय! मंग पडन नं मी!”

“मीबी डोंग्याचा काठ धरूनच बसलो होतो.”

“जनमभर डोंगा हाकला अन् तुमी भेले?”

“पान्याले नाई. इतकं साजरं एकट्यानंच पाहाचं भेव वाटलं.”

फरहतची चामोर्शीची गाडी लागली. तिनं पिशवी उचलली, पुन्हा खाली ठेवली.

“पट्टी उद्या सकाळीच काढतेत नं?” केसरबाईनं विचारलं.