माघातल्या अमावस्येची दुरुस्ती

सन्माननीय अध्यक्षा डॉ. उत्कर्षाताई, दुधनीहून मुद्दाम आलेले मुख्याध्यापक शिवलिंगप्पा सर, व्यासपीठावरील मान्यवर, नभमित्र मंडळाचे जुनेनवे सभासद, टेम्पो बाहेर लावून मागे उभे राहिलेले आमचे चांदसाब (बसा की हो, खुर्च्या रिकाम्या आहेत), आणि पहिल्या रांगेतले सत्कारमूर्ती, म्हणजे आमचे हे.

मी प्रभा शरच्चंद्र तडवळकर. शिक्षण मॅट्रिक. भाषणाची सवय नाही म्हणून लिहून आणलं आहे. कागद जुन्या कॅलेंडरचे आहेत, मागची बाजू कोरी होती, वाया का घालवा? मागून तारखा दिसल्या तर हसू नका.

एकतीस वर्षं यांनी आकाश पाहिलं. गेल्या आषाढात डॉक्टरांनी सांगितलं, आता पाहणं संपलं. म्हणून आज यांची मोठी दुर्बीण आणि नोंदवह्या दुधनीच्या शाळेला जात आहेत. शिवलिंगप्पा सर, तिथला अंधार अजून चांगला आहे म्हणतात. पोरींना आणि पोरांना, दोघांनाही डोळा लावू द्या, एवढंच यांचं मागणं आहे.

मंडळाच्या पत्रात लिहिलं होतं, ‘सौ. वहिनींनी सरांच्या काही गमती सांगाव्यात.’ यांची एक गमत तर तुम्हा सगळ्यांना पाठ आहे. दुर्बिणीचं आयपीस हरवल्याची. दरवर्षीच्या स्नेहसंमेलनात कोणीतरी सांगतं, सगळ्यांत मोठ्यांदा हे स्वतः हसतात. आज मी तीच सांगायला उभी आहे, कारण ती खोटी आहे.

आधी यांचं काम काय होतं ते सांगते. मंडळींना माहीत आहे, पण दुधनीच्या पाहुण्यांसाठी. काही तारे मरताना फुटतात. त्यांतली एक जात अशी की त्यातला प्रत्येक तारा फुटताना साधारण सारखाच उजेड देतो. मी विचारलं होतं, “म्हणजे एकाच मापाच्या समया?” हे म्हणाले, “अगदी! समई किती मोठी ते ठाऊक असेल, तर ती किती मिणमिणती दिसते त्यावरून किती लांब आहे ते सांगता येतं.” पण समया तंतोतंत सारख्या नसतात. जी सावकाश विझते ती मुळात जास्त तेजस्वी. म्हणून फुटल्यापासून रोज रात्री तेज मोजायचं. चढ किती, उतार किती. हे दुर्बिणीतून आकडा सांगायचे, मी शाल गुंडाळून टॉर्चच्या उजेडात लिहायची. टॉर्चला लाल कागद लावलेला, संक्रांतीच्या पतंगाचा.

पंचवीस-तीस वर्षांपूर्वी जगातल्या शास्त्रज्ञांनी खूप लांबच्या समया मोजल्या. त्या हिशेबापेक्षा मंद निघाल्या. म्हणजे जास्त लांब गेलेल्या. म्हणजे हे विश्व नुसतं पसरत नाही, पसरण्याचा वेगही वाढतो आहे. कोण ढकलतं आहे? कोणालाच माहीत नाही. त्या बळाला कृष्ण ऊर्जा असं नाव दिलं आहे. यांनी मला हे सांगितलं तेव्हा मी हात जोडले. हे इतके हसले की चहा सांडला. पण मला विचाराल तर चुकीचं काय केलं? ते बळ कायम तेवढंच आहे की बदलतं आहे, यावर अजून वाद चालू आहेत. “लांबच्या समया मोजायच्या तर जवळच्या समयांची मापं पक्की हवीत, प्रभा,” हे म्हणायचे. “आपल्यासारख्यांचं काम तेवढंच. पण ते पाहिजे.”

आता ती रात्र.

माझा भाऊ देवदत्त अमावस्येला मैंदर्गीहून मोटारसायकलवर निघाला आणि घरी आला नाही. तेव्हापासून अमावस्येला घरातल्या कोणी गावाबाहेर जायचं नाही, असं मी यांच्याकडून कबूल करून घेतलं. दुर्बीणवाल्याला अमावस्या म्हणजे काय असते, ते तुम्हाला मी काय सांगू? तरी यांनी वर्षानुवर्षं पाळलं. “बाकीच्या काळ्या रात्री माझ्या, ही एक तुझी,” असं म्हणून.

सहा वर्षांपूर्वी, माघात, चतुर्दशीला चांदसाबांच्या टेम्पोतून दुर्बीण नेहमीसारखी उजनीच्या पाण्याकाठी नेली होती. पहाटे हे घरी आले ते बूट न काढता स्वयंपाकघरात. “प्रभा, एका दीर्घिकेच्या कडेला ठिपका आहे. काल नव्हता. गेल्या महिन्यात नव्हता. कोणी कळवलेला नाही!” मग तेव्हाच कळवायचं की. पण पूर्वी एकदा घाईने कळवलं होतं आणि तो लघुग्रह निघाला होता. तेव्हापासून यांचा नियम, दोन रात्री तोच ठिपका जागच्या जागी दिसल्याशिवाय नाव काढायचं नाही.

दुसरी रात्र अमावस्येची.

“एवढी एकच,” हे म्हणाले. मी नाही म्हटलं. “अगं, चढता तारा आहे, आजचा आकडा उद्या मिळत नाही.” मी म्हटलं, “माणूसही मिळत नाही.” तरी हे पिशवी भरू लागले. दारात चांदसाब हजर. “भाभी, आभाळ लई साफ हाय. मी हाय की संगं, सरास्नी काय होतंय!” हे दुर्बिणीचा डबा बांधायला खाली गेले तेवढ्यात मी पिशवीतून ते एक आयपीस काढलं. डोळा लावायचं छोटं भिंग, चंदनाच्या डबीएवढं. तसला बारीक ठिपका दाखवणारं यांच्याकडे तेवढं एकच होतं. ते मी देव्हाऱ्यात ठेवलं, स्वामींच्या वस्त्राखाली. आंघोळ केल्याशिवाय हे देव्हाऱ्याला हात लावत नाहीत. तो नियमही माझाच.

यांनी घर पालथं घातलं. गादीखाली, पिठाच्या डब्यात, टेम्पोच्या सीटखाली. चांदसाब कंदील घेऊन जिना शोधत होते. मीही शोधत होते हो. नंतर देवापुढे बसून जप करत होते, आणि देवाच्या पायाशी ते भिंग. मध्यरात्र उलटल्यावर हे पायरीवर बसले. म्हणाले, “चांदसाब, जा घरी. मीच कुठंतरी ठेवलं असणार.”

सकाळी मी म्हटलं, ब्लँकेटच्या घडीत सापडलं. त्या दिवशी रात्री हे उजनीला गेले. ठिपका होता, ठसठशीत. पण तोवर दुसऱ्या देशातल्या कोणीतरी कळवला होता. नाव त्यांचं लागलं. त्याचं मला एवढं नाही. मला दुसरंच छळतं. त्या दिवसापासून हे स्वतःला विसराळू समजू लागले. बाहेर पडताना यादी करायची, पिशवी तीनदा तपासायची, कुलूप ओढून पाहायला जिन्यावरून परत यायचं. ज्या माणसाला शेकडो ताऱ्यांच्या जागा पाठ, त्याचा स्वतःवरचा विश्वास मी काढून घेतला. आणि मग तुम्ही हसायचात, हे हसायचे, मीही हसायची.

डोळे गेल्यापासून रोज संध्याकाळी मी यांना जुन्या वह्या वाचून दाखवते. आकडा ऐकला की यांना तो तारा दिसतो. माघातलं ते पान येतं. अमावस्येच्या तारखेसमोर आकडा नाही, यांच्या अक्षरात लिहिलं आहे, ‘आयपीस हरवले. चूक माझी.’ मी दर वेळी ती ओळ गाळून पुढची तारीख वाचते. यांना कळत असेल का? कळत असेल. वह्या यांना पाठ आहेत.

त्या वह्या आज दुधनीला चालल्या. पोरं ती ओळ वाचतील. म्हणून काल मी ते पान उघडलं. ओळ खोडली नाही. चुकीची नोंद खोडायची नाही, शेजारी दुरुस्ती लिहून सही करायची, हे यांनीच मला शिकवलं. मी लिहिलं आहे, ‘आयपीस हरवले नव्हते. मी लपवले होते. प्रभा तडवळकर.’ खाली कालची तारीख. उत्कर्षाताई, मानपत्रात विसराळूपणाचं एक गोड वाक्य आहे असं ऐकते. वाचण्याआधी ते काढावं, ही विनंती.

अहो, हे तुम्हाला घरी सांगायला हवं होतं. सहा वर्षं रोज सांगायचं ठरवत होते. पण चारचौघांत तुमचं हसू झालं, म्हणून चारचौघांतच सांगते.

मंडळी, एक शेवटचं. यांच्या डोळ्यांचा मधला भाग गेला आहे, कडा शिल्लक आहेत. ज्याच्याकडे सरळ पाहतील ते नाहीसं होतं. म्हणून मला पाहायचं असलं की हे तोंड फिरवून खिडकीकडे पाहतात, मग मी कडेला दिसते. पाहुण्यांना वाटतं, बायकोवर रुसलेत. आता मी खाली बसेन. यांनी माझ्याकडे सरळ पाहिलं, तर मी यांना दिसणार नाही. तेही मला मान्य आहे.

मंडळाने एवढा मान दिला, चांदसाबांनी इतकी वर्षं थंडीवाऱ्यात साथ दिली, तुम्ही सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलं, त्याबद्दल मनापासून आभार. बोलताना काही अधिकउणं झालं असेल तर आपण सर्वांनी पदरात घ्यावं. त्या रात्रीबद्दल मात्र मी फक्त पहिल्या रांगेकडे क्षमा मागते. नमस्कार.