ब्रेकवरचा पाय

मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी शिंपीणबाई दवाखान्यात बसल्या होत्या. शेजारच्या बाकावर एक नवराबायको होते. नवरा जन्मभर बस चालवून निवृत्त झालेला, हे बाईंना विचारावंही लागलं नाही; दोघांच्या बोलण्यातूनच कळलं.

“अहो, पाय कशाला दाबताय? बाकाला ब्रेक नसतो,” बायको म्हणाली.

“दुसऱ्याच्या हातात स्टिअरिंग गेलं की माझा पाय आपोआप दाबला जातो. आज तर डोळाच डॉक्टरच्या हातात द्यायचाय. भीती वाटते गं.”

“दर रविवारी म्हणता ना, प्रभू येशू, सगळं तुझ्या हाती?”

“म्हणतो की.”

“आणि घरी येईपर्यंत त्यालाच रस्ता सांगता!”

“अगं, डोळा माझाय.”

“घडवला कोणी?”

“त्यानंच.”

“आणि नाव बुडायला आली, शिष्य बोंबलायला लागले, तेव्हा वादळाला गप्प कोणी केलं?”

“त्यानंच. नुसतं ‘शांत हो’ म्हणाला.”

“वाऱ्यानं मुकाट ऐकलं. तुम्ही काय वाऱ्यापेक्षा मोठे लागून गेलात?”

“नाही बाई. त्याच्यापुढे वाऱ्याचं चाललं नाही, माझं काय चालणार!”

तेवढ्यात नर्सनं नवऱ्याला चाकाच्या खुर्चीत बसवलं आणि भरकन वळण घेतलं.

“अहो, पाय?” बायको मागून ओरडली.

“उचललाय गं!” आतून हसरा आवाज आला.

शिंपीणबाईंनी खाली पाहिलं. त्यांचा स्वतःचा पाय फरशीवर गच्च दाबलेला होता.